दोन प्रतीक्षा : ‘चायनीज डेमॉक्रसी’ची सतरा वर्षे

१७ सप्टेंबर १९९१ उजाडण्यापूर्वीच, म्हणजे आदल्या रात्रीचे बारा वाजताच, अमेरिकेतील अनेक गावांत ध्वनिमुद्रिकांची दुकाने पुन्हा उघडण्यात आली. बाहेर रांगा लागलेल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या ‘गन्स अँड रोझेस’ या बँडचे ‘यूज युअर इल्यूजन’ या नावाचे दोन स्वतंत्र अल्बम त्या दिवशी एकदम प्रसिद्ध होत होते. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत दुसऱ्या भागाच्या सुमारे ७ लाख ७० हजार आणि पहिल्या भागाच्या सुमारे ६ लाख ८५ हजार प्रती खपल्या आणि विक्रीच्या यादीतील पहिले दोन क्रमांक या दोन भागांनी घेतले. १९८७ च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’नंतर चाहत्यांनी चार वर्षे वाट पाहिली होती. मध्यंतरी १९८८ मध्ये आलेल्या एका छोटेखानी अल्बमने ती तहान भागलेली नव्हती.

त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या विशीतल्या श्रोत्याला या बँडच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम हाती पडेपर्यंत चाळिशी जवळ करावी लागणार होती. ‘चायनीज डेमॉक्रसी’ हा तो अल्बम २३ नोव्हेंबर २००८ रोजी आला. मधल्या सतरा वर्षांचा इतिहास सहसा एका लहरी गायकाच्या दिरंगाईची विनोदी कथा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो श्रोत्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. हे श्रोते नेमकी कशाची वाट पाहत होते, असा प्रश्न विचारला की या कथेतला विनोद कमी होतो आणि साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे असे काही प्रश्न पुढे येतात.

वाट पाहणारा वाचक साहित्याच्या इतिहासाला नवा नाही. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीने एकोणिसाव्या शतकात तो घडवला. डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’चे अखेरचे अंक घेऊन येणाऱ्या जहाजाला न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून लोकांनी ओरडून लिटल नेलची खुशाली विचारली, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. पुढे हान्स रॉबर्ट याउस याने वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना मांडली. कोणतीही कृती कोऱ्या मनावर उमटत नाही, आधीच्या कृतींनी आखलेल्या क्षितिजाच्या संदर्भातच ती वाचली जाते, हे त्याचे म्हणणे आपण वर्गात शिकवतो. परंतु क्षितिज आखले गेले आणि कृती आलीच नाही, तर काय होते? सतरा वर्षांत ते क्षितिज स्थिर राहत नाही. वाट पाहणारे ते स्वतःच पुन्हा पुन्हा आखत राहतात.

प्रथम बँडचे काय झाले ते पाहू. ‘इल्यूजन’ची रांग लागण्यापूर्वीच, १९९० मध्ये, मूळचा ड्रमवादक स्टीव्हन ॲडलर याला काढून टाकण्यात आले होते. अल्बम आल्यावर काही आठवड्यांतच, १९९१ च्या नोव्हेंबरात, गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन बाहेर पडला. सुरुवातीच्या अनेक गाण्यांच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. तरीही जगाचा दौरा चालूच राहिला आणि १७ जुलै १९९३ रोजी ब्युनोस आयर्स येथे तो संपला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘द स्पॅगेटी इन्सिडेंट?’ हा अल्बम आला खरा, पण त्यात सारी गाणी इतरांची होती. १९९६ च्या ऑक्टोबरात स्लॅश बाहेर पडल्याचे जाहीर झाले. ज्याच्या गिटारीमुळे हा बँड पहिल्या काही स्वरांत ओळखू येई, तो हा वादक. १९९७ मध्ये बेसवादक डफ मकॅगनही गेला. मूळ पाच जणांपैकी आता गायक ॲक्सल रोझ तेवढा उरला आणि बँडचे नावही त्याच्याकडेच राहिले.

येथे ग्रंथकर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो. ‘लेखक म्हणजे काय?’ या १९६९ च्या व्याख्यानात मिशेल फूको याने लेखकाचे नाव हे केवळ एका माणसाचे नाव नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, असे दाखवले होते. बँडच्या बाबतीत ही गोष्ट अगदी उघडपणे दिसते. नाव हे कायद्याने मालकीची वस्तू असते आणि ज्यांनी त्या नावाला अर्थ दिला ते वादक त्यापासून वेगळे करता येतात. मराठी वाचकाला दीर्घ प्रतीक्षेचा अनुभव आहेच. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि बराच काळ ज्या कादंबरीची चर्चा ऐकू येत होती ती ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये. एकतीस वर्षांत वाचक बदलला, लेखकही बदलला असेल, पण मुखपृष्ठावरचे नाव आणि आतला लिहिता हात एकाच माणसाचा होता, याविषयी कोणाला शंका नव्हती. ‘गन्स अँड रोझेस’च्या चाहत्यांना ही खात्री नव्हती. त्यामुळे त्यांच्या प्रतीक्षेत पहिल्यापासून दोन प्रतीक्षा मिसळलेल्या होत्या. एक नव्या गाण्यांची, आणि दुसरी त्या नावामागच्या माणसांनी परत येण्याची. बोलताना मात्र दोन्हींसाठी एकच प्रश्न वापरला जाई : अल्बम कधी येणार?

अल्बमचे काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खऱ्या अर्थाने सुरू झाले आणि ‘चायनीज डेमॉक्रसी’ हे नाव रोझने १९९९ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ‘ओ माय गॉड’ हे एक गाणे एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत आले. तोवर रोझने नवी मंडळी जमवली होती. ‘नाइन इंच नेल्स’बरोबर वाजवणारा रॉबिन फिंक, ‘रिप्लेसमेंट्स’चा टॉमी स्टिन्सन, ड्रमवादक जॉश फ्रीस ही त्यांतली काही नावे. पुढे तोंडावर पांढरा मुखवटा आणि डोक्यावर कोंबडीच्या दुकानातली कागदी बादली घालून वाजवणारा बकेटहेड आला. त्याला वाजवताना बरे वाटावे म्हणून स्टुडिओत कोंबड्यांचे खुराडे उभारून दिल्याची हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. ‘क्वीन’च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांमागचा रॉय थॉमस बेकर हा निर्मात्याच्या खुर्चीत आलेल्या आणि गेलेल्या अनेकांपैकी एक.

या काळातील एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटेल. नव्या वादकांना घेऊन आपण ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा संपूर्ण अल्बम, दोन गाणी वगळता, पुन्हा ध्वनिमुद्रित केला आहे, असे रोझने १९९९ मध्ये सांगितले होते. बोर्हेसच्या १९३९ च्या कथेतला पिएर मेनार ‘दोन किखोते’ शब्दशः पुन्हा लिहायला बसतो, त्याची येथे आठवण होते. फ्रीस निघून गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या ‘ब्रेन’ या ड्रमवादकाच्या वाट्याला असेच काम आले. फ्रीसने वाजवलेले सारे लिहून काढून तेच त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा वाजवले. गेलेल्या माणसाची रचना ठेवायची आणि त्याचा हात मात्र पुसायचा, असा हा उद्योग होता. ज्या प्रश्नाने चाहते अस्वस्थ होते त्याच प्रश्नाशी निर्माताही झुंजत होता, असेच यावरून म्हणावे लागते.

विलंबाची इतर कारणे रोखठोक आहेत. संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यावर फितीची जुनी मर्यादा राहिली नाही, त्यामुळे एकाच ओळीची कितीही रूपे साठवून ठेवता येऊ लागली. निर्णय घेणारा माणूस एकच होता आणि त्याला अडवू शकणारे जुने सहकारी गेले होते. १९९९ च्या सुरुवातीला कंपन्यांच्या विलीनीकरणात त्यांची ‘गेफन’ ही ध्वनिमुद्रण कंपनी ‘इंटरस्कोप’मध्ये सामावली गेली आणि बँडला ओळखणारी जुनी माणसे तेथूनही पांगली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ६ मार्च २००५ रोजी या न झालेल्या अल्बमवर दीर्घ लेख छापला, तेव्हा खर्चाचा आकडा १ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे गेलेला होता. अल्बम येत नाही म्हणून कंपनीने २००४ च्या मार्चमध्ये जुन्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला, आणि तो भरपूर खपला. नवे रखडत असताना जुनेच अधिक विकले जात होते. चाहत्यांची दुसरी प्रतीक्षा किती बळकट होती, याचा हा हिशेबी पुरावा.

आता श्रोत्यांकडे वळू. १ जानेवारी २००१ रोजी पहाटे लास व्हेगास येथे आणि दोन आठवड्यांनी रिओ दि जानेरोच्या महोत्सवात नवा बँड प्रथम लोकांसमोर उभा राहिला. तेथे काही अप्रकाशित गाणी वाजवली गेली. श्रोत्यांनी ती चोरून मुद्रित केली आणि हातोहात जगभर पोहोचवली. २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क मेट्स’ या बेसबॉल संघाचा खेळाडू माइक पियाझा याने आपल्याकडे आलेली एक तबकडी एडी ट्रंक या नभोवाणी निवेदकाला दिली. तिच्यातले ‘आय. आर. एस.’ हे गाणे प्रसारित झाले आणि मागोमाग मनाईही आली. २००६ च्या आरंभी आणखी काही गाणी फुटली. आपल्याकडे परीक्षेचा पेपर फुटतो तशीच ही गाणी फुटत होती. मात्र येथे परीक्षार्थींना उत्तरांशी कर्तव्य नव्हते. एवढ्या वर्षांत कोठे काही तयार झाले आहे की नाही, एवढेच त्यांना ताडून पाहायचे होते.

या सामग्रीवर चाहत्यांनी जे काम केले त्याला आपल्या परिभाषेत पाठचिकित्सा असेच नाव द्यावे लागेल. ‘द ब्लूज’ या नावाने २००१ पासून ऐकलेले गाणे अखेर ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ या नावाने छापले गेले, तेव्हा दोन्ही पाठांची ओळनिहाय तुलना करणारे श्रोते तयारच होते. ‘कॅचर इन द राय’ या गाण्याच्या आधीच्या रूपात ‘क्वीन’च्या ब्रायन मे याने वाजवलेली गिटार होती. अंतिम अल्बममधून ती गेली, पण फुटलेल्या प्रतीत राहिली. मुद्रित आवृत्तीने गाळलेला पाठ हस्तलिखितात जिवंत राहावा, तसाच हा प्रकार. अधिकृत पाठ अधिक चांगला की आधीचा, हा वाद त्या श्रोत्यांनी विद्यापीठातल्या कोणत्याही चर्चासत्राइतक्या गांभीर्याने केला.

मात्र प्रतीक्षेचे एवढेच सात्त्विक रूप दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ७ नोव्हेंबर २००२ रोजी व्हँकुव्हर येथे रोझ वेळेत न पोहोचल्याने कार्यक्रम रद्द झाला आणि बाहेरच्या जमावाने सभागृहाच्या काचा फोडल्या. ६ डिसेंबरला फिलाडेल्फियात आधीच्या बँडांचे वादन झाल्यावर लोक तासन्‌तास बसून राहिले, मग कार्यक्रम नाही असे कळले आणि खुर्च्या फेकल्या गेल्या. दौऱ्याचे उरलेले कार्यक्रमही रद्द झाले. अधीरतेचे दुसरे रूप कुचेष्टेचे होते. ‘ऑफस्प्रिंग’ या बँडने २००३ च्या १ एप्रिलचे निमित्त साधून, आपल्याच पुढच्या अल्बमला हे नाव, एका अक्षराच्या फरकाने, देत असल्याचे जाहीर केले. २००८ च्या मार्चमध्ये ‘डॉ. पेपर’ या शीतपेयाच्या कंपनीने घोषणा केली की, अल्बम त्या वर्षात आला तर अमेरिकेतील प्रत्येकाला एक डबा फुकट मिळेल, अपवाद फक्त स्लॅश आणि बकेटहेड यांचा. जाहिरात लिहिणाऱ्यालाही दोन्ही प्रतीक्षा नेमक्या कळलेल्या होत्या. अपवाद केला तो सोडून गेलेल्या माणसांचाच.

६ मार्च २००७ ही संभाव्य तारीख रोझने स्वतः २००६ च्या डिसेंबरात दिली होती, तीही टळली. २००८ च्या जूनमध्ये नऊ गाणी एकदम फुटली आणि ती पसरवणाऱ्या चाहत्याला ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने अटक केली. अखेर नोव्हेंबरात अल्बम आला. अमेरिकेत तो एकाच दुकानसाखळीत मिळत होता. पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख ६१ हजार प्रती खपल्या आणि यादीत तिसरा क्रमांक लागला. १९९१ च्या आकड्यांशेजारी हा आकडा लहान दिसतो. सीडीच्या व्यापाराला एव्हाना उतरती कळा लागली होती, हे ध्यानात घेऊनही तो लहानच दिसतो. चीनमध्ये अल्बम अधिकृतपणे आलाच नाही आणि तेथील ‘ग्लोबल टाइम्स’ने तो चीनवरचा विखारी हल्ला असल्याचे म्हटले. चक क्लोस्टरमन या समीक्षकाने लिहिले की, या अल्बमचे परीक्षण करणे म्हणजे युनिकॉर्नचे, त्या एकशिंगी काल्पनिक प्राण्याचे, परीक्षण करण्यासारखे आहे. जे अस्तित्वात नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते ते अचानक पुढ्यात उभे राहिल्यावर त्याला चांगले-वाईट कसे म्हणायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

आज शांतपणे ऐकले तर ‘चायनीज डेमॉक्रसी’ ही पडलेली कृती वाटत नाही. ‘देअर वॉज अ टाइम’ किंवा ‘मॅडागास्कर’ यांत महत्त्वाकांक्षा आहे, करुणा आहे आणि क्वचित भव्यताही. पण चौदाही गाण्यांवर काळाचे थर साचलेले ऐकू येतात. एकाच गाण्यात तीन-चार गिटारवादक, त्यांतले काही केव्हाच सोडून गेलेले, एकमेकांवर रचलेले आहेत. सोबतच्या पुस्तिकेत कोणत्या गाण्यात कोणी काय केले याची लांबलचक नोंद आहे, आणि ती वाचताना एखाद्या संशोधित आवृत्तीच्या तळटीपा वाचत असल्याचा भास होतो. अल्बमने पहिल्या प्रतीक्षेला दिलेले उत्तर प्रामाणिक होते. दुसऱ्या प्रतीक्षेला त्याच्याकडे उत्तरच नव्हते. बहुतेक निराश श्रोते गाण्यांवर रागावले होते असे वाटत नाही. ज्या आवाजाशेजारी जी गिटार ऐकण्याची सवय होती, ती तेथे नव्हती. पण समीक्षेत हा अभाव अल्बमचा दोष म्हणून नोंदला गेला. कृतीवर झालेला हा अन्याय प्रतीक्षेच्या इतिहासाशिवाय समजत नाही.

पुढे जे घडले ते या विभागणीची साक्ष देते. २०१६ च्या एप्रिलमध्ये स्लॅश आणि डफ मकॅगन परत आले. २०१९ पर्यंत चाललेल्या त्यांच्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. दुसरी प्रतीक्षा पुरी झाली, पण नव्या अल्बमविना. मुंबईकर श्रोत्याला हे दोन्ही टप्पे आपल्याच शहरात पाहता आले. नव्वदीच्या आरंभी उपग्रह वाहिन्यांवरून ‘नोव्हेंबर रेन’ची चित्रफीत येथील महाविद्यालयीन पिढीपर्यंत पोहोचली होती. त्या पिढीसमोर २०१२ च्या डिसेंबरात मुंबईत जो बँड उभा राहिला त्यात रोझ आणि नवे वादक होते, आणि १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रोझ, स्लॅश आणि डफ. नाव एकच, पण पहिल्यांदा त्या नावाचा वारसा समोर होता आणि दुसऱ्यांदा त्याची आठवण.

दरम्यान २०२१ मध्ये ‘ॲब्सर्ड’ आणि ‘हार्ड स्कूल’ ही दोन गाणी प्रसिद्ध झाली, २०२३ मध्ये आणखी दोन. यांतली पहिली दोन ‘चायनीज डेमॉक्रसी’च्याच काळातली, मागे राहिलेली. ‘ॲब्सर्ड’ तर चाहत्यांनी २००१ मध्ये वेगळ्या नावाने ऐकलेले होते. त्यांवर आता स्लॅश आणि डफ यांनी वाजवले आहे. गेलेल्यांच्या जागी नव्यांनी जुने वाजवायचे, हा १९९९ चा उद्योग येथे उलटा झाला. आता जुनी माणसे आपल्या गैरहजेरीत झालेल्या रचनांमध्ये स्वतःचा हात मिसळत होती. २०२५ साल संपले तरी नवा संपूर्ण अल्बम आलेला नव्हता, म्हणजे २००८ पासूनची ही दुसरी प्रतीक्षाही पहिलीइतकीच लांबली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला जाऊ लागला.

त्या प्रश्नाला हसणे सोपे आहे. इतक्या वर्षांनी आलेल्या कृतीत पूर्वीचे काही सापडत नाही, हे ठाऊक असूनही लोक वाट का पाहतात? बहुधा त्यांना पूर्वीचे नकोच असते. १९९१ च्या रांगेत उभ्या असलेल्या स्वतःला आजच्या स्वतःशी जोडणारा एखादा धागा त्यांना हवा असतो, आणि तो धागा नव्या गाण्यातूनच मिळू शकतो, कारण जुनी गाणी तर केव्हाच पाठ झालेली असतात. २०१६ नंतरच्या दौऱ्यांत ‘चायनीज डेमॉक्रसी’ या अल्बममधली काही गाणीही वाजवली गेली. ज्या गाण्यांच्या वेळी तो तेथे नव्हता, ती गाणी स्लॅश रंगमंचावर वाजवत असतो, आणि समोर असे काही श्रोते असतात की ज्यांना त्या गाण्याचे २००१ चे, २००६ चे आणि २००८ चे असे तिन्ही पाठ ठाऊक असतात. त्यांच्या कानांवर पडणारा हा चौथा पाठ असतो. तो अजून कोणत्याही पुस्तिकेत नोंदलेला नाही.